निवडीआधीचा सत्कार

कडेगावच्या चौकात फ्लेक्स लागला आणि जगदाळ्यांच्या घरातली उरलीसुरली अक्कल त्याच्यासोबत खांबावर चढली. लीलाबाईचं तरी हेच मत होतं, आणि मत पदराखाली झाकून ठेवायची तिला सवय नव्हती.

फ्लेक्सवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पॅरा कमांडोपदी निवड झाल्याबद्दल शिरसवाडीचे सुपुत्र वीरधवल जयराज जगदाळे यांचे हार्दिक अभिनंदन’. खाली हात जोडून तिचा धाकटा दीर उदयसिंह, पोरापेक्षा दुप्पट मोठा. त्याच्या पायाशी गॉगल घातलेले कार्यकर्ते ओळीनं. वीरधवलचं तोंड वीरधवलचंच होतं, पण खालचं धड इंटरनेटवरून उचललेलं, कुणा परदेशी गड्याचं. दंड पांढरेफटक आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी गोंदलेलं. लीलाबाई एसटीतून उतरली आणि आपल्या पोराच्या दंडावर काय गोंदलंय ते बघत भर चौकात उभी राहिली. घरी येऊन तिनं दिराला विचारलं, तर तो म्हणाला, वैनी, अंग कुणाचं का असंना, भावना महत्त्वाची.

बरं, निवड झाली होती कुठं? पोरगं पायदळात जवान. त्यानं कमांडोसाठी आपणहून नाव दिलं होतं आणि त्याच्या पलटणीच्या साहेबानं त्याला जायची परवानगी दिली होती, एवढंच. सुट्टी संपली की तिथं हजर व्हायचं. मग ते लोक महिनोन्‌महिने त्याला पिळून काढणार, अर्धपोटी ठेवणार, झोपू देणार नाहीत, आणि आलेल्यांतले मूठभर ठेवून बाकीचे परत पाठवणार. म्हणजे पोरगं आत्ता कुठं परीक्षेला निघालं होतं आणि चुलत्यानं निकाल छापून चौकात टांगला होता. का, तर पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आलेली. उदयसिंहाला स्वतःचं असं दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून त्यानं पुतण्या दाखवला.

घरातल्या बाकीच्या पुरुषांनाही चेव आला होता. वीरधवल सुट्टीवर आला तेव्हा त्याचा सराव त्याच्या पद्धतीनं चालला होता. पहाटे कालव्याच्या कडेनं मातीत पळायचा, बूट घालून विहिरीत पोहायचा, पाठीवर वजन घेऊन टेकडी चढायचा. एक दिवस अंग मोडेपर्यंत, तर दुसऱ्या दिवशी नुसतं चालणं. त्या नुसत्या चालण्याच्या दिवसानं जयराजचं डोकं फिरलं. जयराज म्हणजे लीलाबाईचा नवरा, रिटायर हवालदार. सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेलेली. पलटणीची पांघरुणं कुणाला किती दिली आणि परत किती आली ते बघण्यात त्याची हयात गेली, पण पारावर बसला की त्याच्याइतका लढवय्या दुसरा नसायचा. पोरगं आळशी झालंय असं ठरवून त्यानं सराव आपल्या हातात घेतला. मातीत पळून कुणी कमांडो होत नाही, म्हणाला. मग वीरधवल डांबरी रस्त्यावर पुढं, पाठीवर वाळूचं पोतं, आणि मागं मोटारसायकलवर बाप, गळ्यात शिट्टी. सुट्टीचा दिवस नाही, विसावा नाही. रस्त्याकडेची पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढायची आणि जयराज त्यासाठी गाडी हळू करायचा.

लीलाबाईचा सख्खा भाऊ सयाजी तिकडं सेलमला होता, सोनं आटवायच्या गलाईच्या दुकानात. विट्याकडची निम्मी माणसं असतात तशी. तो भाच्याच्या कौतुकासाठी म्हणून मोटार घेऊन आला आणि येताना प्रोटीनचे चार डबे घेऊन आला. डब्यावर एका उघड्याबंब माणसाचं चित्र होतं. देवघराशेजारच्या फळीवर ते डबे मांडले तेव्हा लीलाबाईनं त्या माणसाचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं. मनाची तयारी राहिली होती, तर ती उदयसिंहानं करवली. सांगलीहून एक भाषणवाले सर आणले. त्यांनी वीरधवलला कपाटाच्या आरशासमोर उभं केलं आणि ‘मी वाघ आहे’ असं मोठ्यानं म्हणायला लावलं. पोरगं गुणाचं, म्हणालं बिचारं. दारातून जाऊबाई राजेश्वरी बघत होती, ती पदर तोंडात कोंबून परसात पळाली, आणि लीलाबाई तिच्या मागोमाग. उदयसिंहाची बायको असून राजेश्वरीला नवऱ्याचं खूळ कळत होतं, म्हणून तर दोघींचं त्या महिन्यात लय जमलं होतं.

वीरधवल या सगळ्यांना हूं की चूं करत नव्हता. आईला एकदाच त्यानं सांगितलं होतं, की तिकडं मारहाण वगैरे काही नसते. रात्र रात्र चालवून आणतात आणि वाटेत एक गाडी उभी करतात, गरम चहा ठेवतात, आणि म्हणतात, परत जायचं असंल तर बस गाडीत, कुणी काय म्हणणार नाही. लीलाबाई म्हणाली, मग प्यायचा की चहा. तो हसला होता. पोरगं हसलं की तिला बरं वाटायचं, पण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते तिला कधी उमगलं नव्हतं.

सत्कार रविवारी होता. शुक्रवारी दुपारी ती त्याच्या पायांना कोमट तेल लावायला बसली. लहानपणापासूनची सवय, तोही पाय पसरून निवांत पडायचा. डाव्या नडगीवरून तिचा अंगठा खाली सरकला आणि एका जागी पोराचा पाय थरकन आखडला. तिनं परत तिथंच दाबलं. परत तसंच झालं.

“कवापासनं हाय हे?”

“हाय थोडं दिवस. आई, कुणाला सांगू नगंस. मी बघतो.”

मी बघतो. हे दोन शब्द या घरातल्या पुरुषांच्या तोंडून तिनं इतक्यांदा ऐकले होते की तिचा त्यावरचा विश्वास कधीच उडाला होता. जयराजनं बघतो म्हटलेलं गोठ्याचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं. तिनं सरळ राजेश्वरीला गाठलं. कार्यक्रमासाठी पातळं आणायची आहेत असं सांगून दोघींनी वीरधवलला गाडी चालवायला घेतलं आणि मलकापूरला जाऊन हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी फोटो काढला, आणि सांगितलं की नडगीच्या हाडाला चीर गेली आहे, कडक रस्त्यावर विसावा न घेता पळून जाते तशी. दीड महिना पळायचं नाव काढायचं नाही. तसंच पळत राहिला तर हाड मोडेल, आणि मोडलं तर कमांडो सोडा, फौजेत राहणंही कठीण होईल.

येताना गाडीत राजेश्वरीनं लीलाबाईचा हात धरला होता. लीलाबाईला रडायला येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. तिचा पोरगा कमांडोत जावा असं तिलाही वाटत होतं, कुणाला खोटं वाटंल, पण वाटत होतं. लहानपणी जो विहिरीच्या काठावर उभा राहून, तळ दिसत नाही तिथंच उडी मारायचा, तो घरी बसून ऊस थोडाच लावणार होता? पण जाईल तर धडधाकट जावा. बापाच्या शिट्टीपायी आणि चुलत्याच्या मतांपायी लंगडा होऊन बसला तर ती कुणाला जाब विचारणार होती?

संध्याकाळी तिनं सोप्यात सगळ्यांसमोर विषय काढला. जयराजनं आधी ऐकल्यासारखंच केलं नाही. मग म्हणाला, आमच्या टायमाला नडगी दुखती म्हणून कुणी डॉक्टरकडं गेलं न्हाई. लीलाबाई म्हणाली, आवं, पांघरुणं मोजताना नडगी दुखंल कशाला? सयाजी खो खो हसला आणि म्हणाला, आक्काचं खरं हाय, पोराला आराम द्या, कार्यक्रम रद्द करा. भाऊ आपल्या बाजूनं बोलला म्हणून तिला बरं वाटतंय न वाटतंय तोच उदयसिंहानं हळूच सांगितलं, की व्यासपीठावर मामांचा मानाचा फेटा ठरलाय, आणि आमदारसाहेब येणार आहेत, त्यांच्याच शेजारी खुर्ची आहे. सयाजीनं थोडा वेळ मिशी चाचपली. मग म्हणाला, तसं बघितलं तर एक दिवसानं काय फरक पडतोय. सोनं आटवणाऱ्या माणसाला वितळायला इतका कमी जाळ लागावा याचं लीलाबाईला आश्चर्य वाटलं.

उदयसिंहाचा खरा जीव अडकला होता तो पळण्यात. भाषणं झाल्यावर वीरधवल वाळूचं पोतं पाठीवर घेऊन देवळापासून वेशीपर्यंत पळणार, हलगीवाले मागं, ड्रोन वर. त्याचा व्हिडिओ तालुकाभर जाणार होता. त्यानं पुतण्याला बोलावून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून विचारलं, “धवल, वेशीपतोर तरी पळशील न्हवं? एवढं एक काकासाठी कर. मंग काय ती इस्रांती घे.”

वीरधवलनं बापाकडं बघितलं. जयराज खाली बघत होता. मग आईकडं बघितलं. “उद्याचा दिवस जाऊ द्या,” तो म्हणाला. “परवा काय करायचं ते मी बघतो.”

उदयसिंहानं त्याचा अर्थ होकार असा घेतला. लीलाबाईनंही तोच घेतला, आणि मनातल्या मनात पोराला मेंगळट म्हणाली. बापासमोर नाही म्हणायची हिंमत नाही आणि हा निघाला शत्रूच्या मुलखात उड्या मारायला.

रविवारी देवळापुढं मांडव पडला. आमदारसाहेब आले नाहीत, त्यांचा माणूस आला, आणि मानाचा फेटा आधी त्या माणसाला बांधायचा की मामाला, यावरून सयाजी थोडा फुगला. व्यासपीठासमोर वाळूचं पोतं ठेवलं होतं, त्याला झेंडूचा हार घातलेला. हळदीकुंकूही वाहिलं होतं कुणीतरी. उदयसिंह बोलायला उभा राहिला आणि देशापासून सुरुवात करून रस्ते, पाणी, दिवाबत्ती करत शेवटी स्वतःपाशी आला. पुतण्याच्या वाट्याला दोन वाक्यं आली. त्यांतलं एक चुकीचं होतं, कारण त्यात पुतण्या आधीच कमांडो झालेला होता. बायकांच्या बाजूला बसलेल्या राजेश्वरीनं कपाळाला हात लावला. लीलाबाई वीरधवलकडं बघत होती. पांढरा सदरा, गळ्यात हार, आणि डावा पाय त्यानं जरा लांब करून ठेवलेला. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं.

मग उदयसिंह माईक घेऊन खाली उतरला आणि पोत्यापलीकडं उभं राहून त्यानं जाहीर केलं की आता आपला वाघ पळून दाखवेल. हलगी कडाडली. पोरांनी मोबाईल वर केले. वीरधवल उठला, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, पायऱ्या उतरला आणि पोत्यापाशी गेला. वाकला आणि दोन्ही हात पोत्याला लावले.

लीलाबाईला पुढचं दिसलंच नाही. ती कधी उठली, बायकांतून वाट काढत कधी पुढं आली, ते तिलाही नंतर आठवेना. दिराच्या हातातला माईक तिनं ओढून घेतला.

“बंद करा ती हलगी,” ती म्हणाली. “ह्या पोराची निवड झाल्याली न्हाई. अजून जायाचाच हाय त्यो. आन आता जाणार बी न्हाई, पायाचं हाड चिरलंय त्याचं. बापानं शिट्ट्या मारून मारून चिरलंय, आन चुलत्याला त्याच पायावर निवडून यायचंय. पोतं उचलायची लयच हौस असंल तर ह्या दोघा भावांनी उचलावं. आमी बसतो बघत.”

मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळा मांडव हसला. आमदारसाहेबांचा माणूससुद्धा हसला. लीलाबाईला बरं वाटलं. खरं सांगायचं तर लय बरं वाटलं. कितीतरी वर्षांचं साचलेलं एका दमात बाहेर पडलं होतं. उदयसिंहाचं तोंड पडलेलं तिनं डोळे भरून बघितलं, जयराज फेटा काढून मांडीवर घेऊन बसला होता तोही बघितला. सगळ्यांत शेवटी तिनं पोराकडं बघितलं.

पोतं जाग्यावर नव्हतं. वीरधवलनं ते ढकलून बाजूला सारलं होतं. तो सरळ उभा होता आणि त्याचा एक हात पुढं आलेला होता, काहीतरी मागितल्यासारखा. तो हात त्यानं हळूहळू खाली घेतला. “आईनं सोडवून न्हेलं गड्याला,” मांडवातलं एक पोरगं म्हणालं, आणि परत हशा पिकला.

लोक जेवले मात्र सगळे. जेवण टाकून कोण जातंय?

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. उदयसिंह म्हणाला, वैनीनं आपल्या राजकारणाला चूड लावली. सयाजीनं मोटारीची किल्ली हातात घेतली, पण गेला नाही, कारण राजेश्वरीनं चहा टाकला होता. आणि तीच राजेश्वरी, मलकापूरहून येताना जिनं हात धरला होता, ती आता कप मांडता मांडता म्हणाली की आक्का, घरातलं घरात बोलायचं हुतं, चारचौघांत माझ्या मालकाची शोभा करायची काय गरज हुती? लीलाबाई तिलाही उत्तर देणार होती. तेवढ्यात जयराज उठला, पोराजवळ जाऊन बसला आणि त्याच्या नडगीवर नुसता तळवा ठेवला. दाबली नाही.

“लय दुखतंय का रं?” त्यानं विचारलं.

“न्हाई आबा. बरं हाय.”

जयराजच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तो उठून गोठ्याकडं गेला. बघा, आता सुचलं विचारायला, असं लीलाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण वीरधवल तिच्याकडं बघत होता, आणि त्या नजरेत राग असता तरी तिला चाललं असतं.

“आई, मी पोतं उचलत न्हवतो,” तो म्हणाला. “बाजूला सारत हुतो. मला माईकपाशी जायचं हुतं.”

“म्हंजी?”

मग त्यानं सांगितलं. सकाळी त्यानं पलटणीत फोन केला होता. पायाचं सगळं खरं सांगितलं होतं. सुभेदारसाहेबांनी आईबापापर्यंत शिव्या घातल्या, शिव्या संपल्यावर म्हणाले, ये, इलाज करून घे, पुढच्या वेळी परत नाव दे, घेतील न घेतील. एवढं झाल्यावर तो मांडवात आला होता. तेच सगळ्यांसमोर बोलायचं त्यानं ठरवलं होतं. माझी निवड झालेली नाही, माझा पाय जायबंदी आहे, या वेळी मी जाणार नाही, फ्लेक्स उतरवा. रात्रभर ही चार वाक्यं त्यानं घोकली होती.

लीलाबाई म्हणाली, “मंग तू सांगितलंस काय आन मी सांगितलं काय, एकच झालं की.”

“एकच कसं हुईल?” त्याचा आवाज चढला नाही. “मी बोललो असतो तर लोक मला हसले असते. हसू द्या की. तिकडं जाऊन दुसरं काय सोसायचं असतंय? पळाय कुणीबी शिकिवतं, आई. हे एवढंच एक माझं मला करायचं हुतं. आबांनी शिट्टी मारली, काकांनी फ्लेक्स लावला, आन उरल्यालं तू केलंस.”

नवरा, दीर, भाऊ, सगळ्यांना लीलाबाईनं आजवर एका मापानं मोजून काढलं होतं, आणि तिच्या पोरानं तिला त्याच ओळीत नेऊन बसवलं होतं. आणि तो खोटं बोलत नव्हता. ती उठून आत गेली, चुलीसमोर बसली आणि कुणाला दिसणार नाही अशी रडली.

सुट्टी शिल्लक असताना दुसऱ्याच दिवशी तो निघाला, इलाजासाठी. एसटीपर्यंत कुणी यायचं नाही असं त्यानं बजावलं. सयाजी मोटारीनं सोडतो म्हणाला, तर नको म्हणाला. लीलाबाईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली ती त्यानं घेतली, पाया पडला, आणि बॅग उचलायला वाकला. तिचा हात आपोआप बॅगेकडं गेला होता. तो थांबला. तिनं हात मागं घेतला.

फाटकापाशी उभी राहून ती त्याला जाताना बघत होती. तो सावकाश चालत होता, डावा पाय जपून टाकत. पारावर नेहमीची मंडळी बसली होती. त्यांतल्या गुंडा नावाच्या, बापाच्या जिवावर जेवणाऱ्या ऐतोबानं हाळी दिली, “काय रं कमांडो, आईला न्हाई घेतलं संगं?”

लीलाबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं, गुंडाच्या सात पिढ्यांना पुरेल असं. तिनं फाटकाचा गज घट्ट धरला आणि दातावर दात दाबून उभी राहिली. वीरधवल थांबला होता. बॅग खाली ठेवून तो पारापाशी गेला आणि गुंडाला काहीतरी म्हणाला. पारावर कुणी हसलं नाही. मग तो परत आला, बॅग उचलली आणि वळणावर दिसेनासा झाला. तो काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही, आणि तिनं पुढं कधी कुणाला विचारलंही नाही.